गर्दीच्या हॉटेलात नीट जेवायचं असेल तर: इंदूरकरांसाठी काही युक्त्या

सुदामा नगर असो, विजय नगर असो की भंवरकुआं, प्रत्येक भागात असं एक हॉटेल असतंच. रविवारी संध्याकाळी दाराशी माणसं ताटकळत असतात, आत वेटर धावत असतात, आणि तिथे जेवून आलेल्या दोन घरांची मतं काही जुळत नाहीत. काकू म्हणतात, डाळ-बाफले (बाफले म्हणजे उकळून भाजलेले कणकेचे गोळे) अगदी लग्नाच्या पंगतीतले वाटले. त्याच आठवड्यात गेलेल्या वहिनी म्हणतात, बाफले दगड आणि डाळ म्हणजे नुसतं पाणी. दोघीही खरंच सांगत असतात.

अशा हॉटेलाचं स्वयंपाकघर एका हाताने चालत नाही. तंदूरवर एक जण, ग्रेवीच्या शेगडीवर दुसरा, चायनीजला तिसरा. लग्नसराईत यांतला एखादा चार पैसे जास्त मिळतात म्हणून कॅटररकडे गेलेला, होळी-दिवाळीला निम्मे कारागीर गावाला. त्यामुळे ‘ते हॉटेल कसं आहे?’ याला धड उत्तर मिळत नाही. ‘तिथे मंगळवारी रात्री साडेसातला डाळ-तडका कसा असतो?’ याला मिळतं. त्या घटकेला ज्याचा खप आहे ते ताजं. ज्याला गिऱ्हाईक नाही ते कधीचं आहे देव जाणे. खाली जे सांगतोय ते सगळं याच हिशेबावर.

वार आणि वेळ

दुपारी साडेबारा ते एक ही उत्तम वेळ. उघडल्या उघडल्या बाराला जाऊन बसू नका. तंदूर पुरता तापलेला नसतो, पहिल्या रोट्या पांढुरक्या आणि चिवट निघतात. रात्री साडेसात-पावणेआठ गाठा. इंदूर उशिरा जेवतं, खरी झुंबड नऊला उडते, आणि साडेसातला डाळ नुकती शिजलेली, आचाऱ्याचं डोकं ठिकाणावर असतं. तीन ते सहा टाळाच. त्या वेळात मुख्य कारागीर आडवे झालेले असतात आणि मदतनीस पोरं दुपारचंच गरम करून देतात. रात्री साडेदहानंतरही तेच. भांडी घासायला गेली की नवी ग्रेवी कोण काढतंय?

काही दिवस सोडूनच द्यावेत. रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, ३१ डिसेंबर. त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला गाडी घालणं म्हणजे जेवणाआधीच डोकं तापवून घेणं. सानंद या मराठी संस्थेचं नाटक सुटल्यावरचा अर्धा तासही तसाच, निम्मं सभागृह त्याच चार हॉटेलांकडे वळतं.

पण गर्दी नेहमी वाईटच असं नाही. एकादशीला आणि श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खिचडी मागवावी ती गर्दीच्याच ठिकाणी. एरवी तिथे सकाळचा घाणा दुपारपर्यंत पुरतो, त्या दिवशी पातेलं पाहता पाहता रिकामं होतं.

बाहेर उभे असताना

नाव लिहून घेणाऱ्याला ‘किती वेळ लागेल?’ विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: ‘बस भिया, दस मिनिट.’ त्यापेक्षा आपल्या पुढे किती नावं आहेत ते विचारा आणि काचेतून आतली टेबलं मोजा. एक टेबल साधारण पन्नास मिनिटांत रिकामं होतं असं धरलं, तर वीस टेबलांच्या हॉटेलात दर अडीच मिनिटांनी एक सुटतं. पुढे सहा नावं असली तर पाव तास. हे झालं चौघांचं. तुम्ही आठ जण असाल तर दोन शेजारशेजारची टेबलं एकदम सुटायला हवीत, आणि त्याला हिशेब लागू पडत नाही. सरळ सांगून टाका की चार-चार वेगळे बसू. आजीला आणि लहान मुलांना पहिल्या टेबलावर पाठवा, बाकीच्यांना जरा ताटकळू द्या.

ताटकळताना मोबाइल खिशात ठेवून दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोणत्या थाळ्या लागोपाठ बाहेर पडताहेत. चार टेबलांवर एकच पदार्थ दिसला तर तुमची निम्मी ऑर्डर तिथेच ठरली. दुसरी, पार्सलच्या खिडकीशी डिलिव्हरीवाली पोरं किती आहेत. हॉल अर्धा रिकामा आणि बाहेर दहा हेल्मेटं, म्हणजे आत स्वयंपाकघरावर गर्दी आहेच, तुम्हाला ती दिसत नाही एवढंच. अशा वेळी ‘आज तर निवांत आहे’ म्हणून लांबलचक ऑर्डर देणारे हमखास फसतात.

हिशेब पाऊण तासाच्या वर गेला तर नाव काढून घ्या. छप्पन दुकानची खाऊगल्ली आहे. दहाच्या पुढे सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद होऊन ठेले लागलेले असतात. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. तिथे तुमच्या डोळ्यांसमोर कढईतून निघतं ते तुमच्या हातात येतं, बेभरवशाचा प्रश्न अर्धा तिथेच मिटतो.

कुठे बसायचं

हात धुण्याच्या बेसिनजवळ नको आणि एसीच्या थेट झोताखालीही नको. एसीखाली डाळीवर तीन मिनिटांत साय धरते, तुपाचं तर विचारूच नका. स्वयंपाकघराच्या दारापासून तीन-चार टेबलं लांब, वेटरच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर बसलात की पानात गरम पडतं आणि हाक मारायलाही सोपं जातं.

ऑर्डर

इथे घाई करू नका, कारण पुढचा सगळा खेळ याच दहा मिनिटांचा आहे.

वेटरला ‘क्या अच्छा है?’ विचारलंत तर तो ‘सब अच्छा है’ म्हणणार, दुसरं काय म्हणेल बिचारा! ‘आज क्या नहीं है?’ विचारा. याचं उत्तर तो खरं देतो, कारण खोटं दिलं तर त्यालाच परत यावं लागतं. पालक नाही, मशरूम संपलंय, डोशाचा कारागीर रजेवर आहे, हे सगळं त्यातून कळतं. डोसेवाला रजेवर असूनही मेन्यूत डोसा मिळतोय असं कळलं, की तो कोण टाकतोय याचा अंदाज करावा आणि पान उलटावं.

आता ग्रेवीचं. पन्नास पनीरच्या भाज्यांची नावं वाचून बावरू नका. बहुतेक हॉटेलांत सकाळी तीन-चार मोठी पातेली तयार होतात: कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजची पांढरी, कांद्याची पिवळसर, कुठे मखनी वेगळी. ऑर्डर आली की कढईत त्यातली एक डावभर पडते, वरून मसाला, क्रीम, कोथिंबीर. शाही पनीर, काजू करी, मलई कोफ्ता ही बहुतेक ठिकाणी एकाच पांढऱ्या पातेल्याची लेकरं. तेव्हा चौघांत दोन भाज्या मागवायच्या असतील तर एक लालमधली आणि एक पांढरीतली घ्या. ते पातेलं त्या दिवशी बिघडलं असेल तर निदान सगळं जेवण बिघडणार नाही. चव गोडसर होते अशी तक्रार घरात नेहमीची असेल तर पांढरी सोडूनच द्या.

मला विचाराल तर अशा ठिकाणी सगळ्यांत भरवशाची डाळ-तडका. शिजलेली डाळ मोठ्या भांड्यात तयार असते, पण फोडणी ऑर्डरबरहुकूम वेगळी पडते, आणि ती प्रत्येक टेबलावर जाते म्हणून भांडं सारखं नवं भरतं. मेन्यूत तिला शेवटच्या पानावर टाकतात ते केवळ भाव कमी म्हणून.

सेव-टमाटर मागवताना एक वाक्य जास्त बोला: ‘सेव अलग से देना.’ माळव्यातली ही भाजी मुळात पाच मिनिटांची आहे, पण गर्दीत ती खिडकीवर पडून राहते आणि सेव रस्सा पिऊन लगदा होते. वाटीत वेगळी आली की आपण पानात घालून लगेच खातो, लवंग-मिरीचा तो झणका आणि कुरकुर दोन्ही शाबूत राहतात.

बाफल्यांवर जरा जास्त बोलायला हवं, कारण पाहुणे आले की आपण त्यांना तेच खायला नेतो आणि फजितीही तिथेच होते. बाफला आधी हळदीच्या पाण्यात उकळतात, मग भाजतात, शेवटी फोडून तुपात बुडवतात. उकळून ठेवणं हॉटेलवाले आधीच उरकून घेतात, त्यात काही गैर नाही. प्रश्न आहे तो भाजल्यावर किती वेळ पडून राहिला याचा. म्हणून बाफले जिथे त्यांचाच खप आहे तिथे, आणि रविवारी दुपारी खावेत. मंगळवारी रात्री दोनशे पदार्थांच्या मेन्यूतून ते निवडणं म्हणजे जुगार. पानात आला की तुपाला हात लावू नका, आधी अंगठ्याने दाबा. ताजा असेल तर कवच कुरकुरत फुटतं, आतून वाफ येते, पीठ रवाळ सुटतं आणि तूप पाहता पाहता आत जिरतं. पुन्हा गरम केलेला असेल तर वरून चामट, मध्ये घट्ट गोळा, आणि तूप ताटलीत तळं करून बसतं. ते तळं दिसलं की तिथल्या तिथे वेटरला बोलवा. पहिला फोडायच्या आत चार बाफल्यांवर डाळ ओतून ठेवलीत तर मग बोलायला तोंड उरत नाही.

रोट्या दोन-दोनच मागवा. एकदम दहा सांगितल्या की शेवटच्या पाच टोपलीत घामेजून जातात. तंदूरी रोटी पाच मिनिटांत वातड होते, मग हॉटेल कितीही नावाजलेलं असो. वेटर त्रासिक चेहरा करतो, करू द्या.

तळलेलं मागवायचं असेल तर शेजारच्या टेबलावरच्या ताटलीकडे बघा. भजी-कचोरी काळपट तपकिरी असतील, खाल्ल्यावर घशाशी खवखव येत असेल, तर तेल दमलेलं आहे. तळणाच्या तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी खराब द्रव्यं) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. पण टेबलावर बसून आपल्याजवळ रंग आणि वास एवढीच साधनं. आणि ज्यावर न मागता जीरावनाचा, म्हणजे इंदुरी चटपटीत मसाल्याचा, थर आला असेल तिथे जरा सावध! जीरावन टाकलं की इंदुरात काहीही खपतं, हे आपल्याइतकंच आचाऱ्यालाही ठाऊक असतं.

चायनीज, डोसा, पिझ्झा हे सगळं एकाच छताखाली असेल तर प्रत्येकाचा काउंटर वेगळा आहे का ते बघा. आमच्याकडे मुलांचा हट्ट असतो म्हणून एक हक्का नूडल्स येतातच, त्या तेवढ्या सोसून घ्यायच्या.

शेवटी क्रम. तुम्ही सगळं एका दमात सांगितलंत की चिठ्ठी एकदमच आत जाते, तंदूरवाला आणि ग्रेवीवाला आपापल्या सवडीने काढतात, आणि मग पनीर टिक्का आणि भाजी एकदम टेबलावर. ‘आधी एवढंच, बाकीचं मी सांगतो’ म्हणा आणि खरोखरच नंतर सांगा. भाजी टेबलावर आल्यावर रोटी सांगायची, आधी नाही. आजोबांसाठी कमी तिखट हवं असेल तर ‘तीखा कम’ एवढ्याने भागत नाही. लाल ग्रेवीत तिखट आधीच पडलेलं असतं. त्यांच्यासाठी साधी डाळ आणि जिरा राईस वेगळा सांगावा, तडका वाटीत.

पान वाढल्यावर

पहिल्या दोन घासांत ठरवा. अर्धी भाजी संपवून तक्रार केली तर कुणी ऐकत नाही, आणि का ऐकावं? बोलताना ‘मजा नहीं आया’ असं मोघम नको. ‘दाल में नमक ज्यादा है’, ‘रोटी बीच में कच्ची है’, ‘पनीर खट्टा लग रहा है’ असं नेमकं सांगितलं की वेटरला आत जाऊन काय बोलायचं ते कळतं. आवाज चढवायची गरज पडत नाही. वेटरने टाळाटाळ केली तर कॅप्टनला बोलवा, गल्ल्यापर्यंत जायची वेळ क्वचितच येते.

काय दुरुस्त होतं आणि काय नाही हेही डोक्यात असू द्या. मीठ कमी, गार भाजी, कच्ची रोटी: परत पाठवा, सुधारून येते. मीठ जास्त झालं असेल तर सुधारणा म्हणजे वरून क्रीम किंवा पाणी, त्यापेक्षा नवी मागा. आंबलेली ग्रेवी, वास येणारं पनीर, खवट तेल यांना दुरुस्ती नाही. पदार्थ रद्द करायला सांगा आणि बदल्यात त्याच पातेल्यातलं दुसरं काही घेऊ नका.

एका बाबतीत मात्र संकोच सोडा. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली ठेवायचा असतो. मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी पार करतो, तेव्हा टेबलावर सकाळपासून उघडी असलेली हिरवी चटणी, कोमट रायतं, चिरून ठेवलेली काकडी याला हात न लावलेलाच बरा. लहान मूल सोबत असेल तर नक्कीच नाही.

बिल

आधी रोट्या मोजा. बिलातली सर्वांत नेहमीची चूक तिथेच असते, आणि बहुतेकदा ती खरोखरच चूक असते. मग कर. स्वतंत्र हॉटेलात जीएसटी ५ टक्के, त्यात अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. लहान हॉटेल कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. बिलावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर छापलेला असायला हवा.

‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ दिसली तर काढून टाकायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की तो आपोआप लावायचा नाही आणि सक्तीने घ्यायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. बहुतेक ठिकाणी नंबर उच्चारला तरी पुरतं.

पाण्याच्या बाटलीवरून मात्र वाद घालू नका. बसून प्यायच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलंय. नको असेल तर बसल्या बसल्या, झाकण उघडायच्या आत, ‘सादा पानी’ सांगायचं.

आणि वेटरला हातात टिप द्या, विशेषतः ज्याने तुमची रोटी दोन-दोन करून आणली त्याला. पुढच्या वेळी तोच तुम्हाला हळूच सांगेल, ‘भिया, आज कोफ्ता मत लो.’ या एका वाक्यापुढे मोबाइलवरचे सगळे तारे फिके.

पुढच्या खेपेसाठी

मोबाइलवर हॉटेलाचे तारे बघून फारसं काही कळत नाही. पदार्थाचं नाव टाकून शोधा आणि गेल्या महिन्याभरातलेच फोटो बघा. डाळीचा रंग आणि बाफल्याभोवतीचं तुपाचं तळं फोटोतही दिसतं. स्वतःचीही नोंद ठेवा, दोन ओळींची: वार, वेळ, काय चांगलं, काय नको. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘रवि. दुपार, बाफले छान, कढी पातळ’ एवढाच मजकूर असतो आणि रविवारी पाहुणे आले की सगळे तोच वर सरकवून शोधत असतात.

उरलेलं

पार्सल घ्यायला लाजू नका. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट ओल्या कचऱ्याचा गॅस करतो हे खरं, पण त्यासाठी आपण तूप लावलेले बाफले पुरवायचं कारण नाही. डाळ आणि भाजी मात्र घरी पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये जायला हवी. टेबलावर वाढल्यापासून दोन तासांच्या वर बाहेर राहिली तर टाकून द्या. सकाळी काढलीत की नुसती कोमट करू नका, चांगली उकळी येऊ द्या.

बाफले फ्रिजमध्ये कडक होतात, ते ओव्हनमध्ये घालायच्या भानगडीत पडू नका. हाताने बारीक कुस्करा, पाण्याचा हबका मारून दहा मिनिटं झाकून ठेवा. मग फोडणीच्या पोळीसारखंच: मोहरी, हिंग, हळद, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता. तेल निम्मंच घ्या, तूप आत आहेच. मीठही बेताने. वरून लिंबू, ओलं खोबरं, आणि इथे जीरावन खुशाल टाका.